पुडी, पाणी आणि परातीतली कावीळ : दावे तपासायला शिकताना

बडोद्यात दावे घरात येतात ते सकाळच्या पेपरात घडी घालून आलेल्या रंगीत पत्रकातून, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, नाहीतर चहाला बसलेल्या पाहुण्यांच्या तोंडून. पत्रक रद्दीत टाकता येतं, ग्रुप म्यूट करता येतो. पाहुण्यांचं काय करायचं? "आमच्या ओळखीत एकांना चांगला गुण आला," असं ते सांगतात तेव्हा ते बहुधा खोटं बोलत नसतात. त्या ओळखीतल्या माणसाला खरंच बरं वाटलेलं असतं. तपासायचं असतं ते एवढंच, की बरं कशामुळे वाटलं.

ज्यांना असं तपासायला शिकायचंय पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. एक वही लागते, आणि लगेच मत न देण्याची सवय लागते. दुसरी गोष्ट मिळायला जास्त वेळ जातो.

खरं तर या शहराला ही सवय नवी नाही. अलेंबिक ही औषध कंपनी इथे १९०७ सालापासून आहे, पुढे साराभाईंचा कारखाना आला, आणि दांडिया बाजारपासून प्रतापनगरपर्यंत कुठल्याही मराठी वस्तीत औषध कंपनीत नोकरी केलेलं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. बॅच नंबर नसलेला ड्रम ज्यांनी उभ्या नोकरीत गोदामातून हलू दिला नाही, तेच काका निवृत्तीनंतर वर्तमानपत्राच्या कागदातली बिननावाची पुडी मधातून चाटताना दिसतात. कामावर जे प्रश्न ते रोज विचारत होते तेच घरी विचारायचे, इतकंच.

आधी दावा वहीत उतरवा

ऐकलेला दावा एका वाक्यात लिहून काढा. लिहायला बसलं की निम्मे दावे तिथेच विरघळतात. "रक्त शुद्ध होतं." कुठल्या तपासणीत दिसतं? "शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात." कुठली द्रव्यं, नाव काय? "ऊर्जा वाढते." कशावर मोजली? उत्तर नसेल तर वहीत त्या वाक्यासमोर "मोजता येत नाही" असं लिहून पुढे चला. वाद घालू नका, कारण धरायलाच काही नसतं.

काही दावे मात्र नेमके करता येतात, आणि मग गंमत येते. "शुगर मुळापासून जाते" हा बडोद्यातला सर्वांत लोकप्रिय दावा असावा. तो असा लिहा : औषधं बंद केल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली राहतं. मधुमेह तज्ज्ञांनी २०२१ मध्ये 'रेमिशन'ची हीच व्याख्या ठरवली. बरीच वजनघट झालेल्या काही रुग्णांमध्ये असं होतं, हे नीट केलेल्या अभ्यासांत दिसलंय, आणि ते होणारच नाही असं म्हणणंही चूक. पण साखर परत वर जाऊ शकते, म्हणून तज्ज्ञ 'बरा झाला' हा शब्द टाळतात. आता चूर्णवाल्याला विचारा की तुमच्या किती लोकांचे असे रिपोर्ट आहेत, औषध बंद केल्याची तारीख कोणती, आणि त्यांचं वजन किती उतरलं. तो चिडला तर तेही वहीत लिहा.

मग विचारा : काही केलं नसतं तर काय झालं असतं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा प्रश्न विसरू नका.

कावीळ घ्या. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की गल्लीत दोन-चार जणांचे डोळे पिवळे होतात. मग कोणीतरी पत्ता देतं की अमुक ठिकाणी शनिवारी कावीळ उतरवतात. गुजराती शेजारी 'कमळो उतारवो' म्हणतात, आपल्याकडेही तीच चाल. परातीत पाणी असतं. रुग्णाच्या हातांवर काहीतरी चोळतात, मंत्र पुटपुटतात आणि हात परातीत धुतात. पाणी पिवळंधमक होतं. लोक म्हणतात, बघा, कावीळ उतरली. तीन शनिवार करायचं, तेल-तूप बंद, उसाचा रस भरपूर. महिनाभरात माणूस हिंडूफिरू लागतो.

यात दोन गोष्टी वेगळ्या करा. पिवळं पाणी ही एक, आणि माणूस बरा होणं ही दुसरी.

पाण्याचं रहस्य साधं आहे. परातीत चुन्याची निवळी असते आणि हाताला आंब्याच्या आतल्या सालीचा रस लागलेला असतो. दोन्ही एकत्र आलं की रंग पिवळा होतो. भांडण न करता हे तपासायचं असेल तर दोन विनंत्या करा. आधी साबणाने हात धुऊ द्या आणि आम्ही घरून आणलेलं पाणी वापरा. हे चालत नसेल तर रुग्णाच्या शेजारी एक ठणठणीत माणूस बसवा आणि त्याचीही कावीळ उतरवून घ्या. त्याच्याही हाताखाली पाणी पिवळं झालं की प्रश्न मिटला. असा निरोगी माणूस शेजारी बसवण्याला शास्त्रात तुलनागट म्हणतात. एवढ्या एका माणसाने जे काम होतं ते तासभर भाषण देऊन होत नाही.

आता बरं होण्याचं. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ए आणि ई ही बहुतेक वेळा आपसूक ओसरणारी दुखणी आहेत. काही आठवड्यांत यकृत स्वतःच सावरतं. विश्रांती, पुरेसं पाणी, झेपेल तेवढं जेवण एवढ्यावर बहुतेक जण बरे होतात. म्हणजे शनिवारी कोणाकडेही गेलात, अगदी सुरसागर तलावाला दोन प्रदक्षिणा घालून आलात, तरी महिन्याने बरंच वाटणार होतं. (उसाच्या रसाचं तर नवलच आहे. कावीळ ज्या घाण पाण्यातून आली त्याच पाण्याचा बर्फ त्या गाडीवर असू शकतो.)

पण सगळी कावीळ अशी नसते. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकली असेल, औषधांमुळे यकृताला इजा झाली असेल, तर तीन शनिवार म्हणजे हातचे तीन आठवडे गेले. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हेपॅटायटिस ई झाला तर २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून डोळे पिवळे दिसले की पहिलं काम रक्ततपासणी. गुंगी, बरळणं, रक्तस्राव, न थांबणारी उलटी, पांढरट शौच किंवा गरोदर स्त्री यांपैकी काहीही असेल तर तडक रुग्णालय.

सर्पदंशातही हेच होतं. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मंत्राने विष उतरवणाऱ्या भुव्याकडे नेलेल्यांपैकी अनेक जण वाचतात आणि त्याचं नाव होतं. जो खरा विषबाधेचा रुग्ण असतो तो वाटेत वेळ घालवून मरतो, आणि "आणायला उशीर झाला" म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. साप चावला की १०८ फिरवायचा, हलवाहलव कमी करायची आणि प्रतिविष मिळेल अशा मोठ्या रुग्णालयात, इथल्या माणसाने सयाजीराव रुग्णालयात, पोचायचं. कुत्रा चावल्यावर तर मोकळीक अजिबातच नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ हमखास जातो. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लस घ्या.

गुडघे, कंबर, अर्धशिशी, त्वचेची खाज यांचं गणित थोडं वेगळं. ही दुखणी वर-खाली होत राहतात, आणि माणूस नव्या उपचाराकडे वळतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतारच असतो. त्या उताराचं श्रेय हातातल्या बाटलीला मिळतं. म्हणून महिनाभर रोज रात्री दुखण्याला ० ते १० गुण देऊन वहीत लिहा, उपचार सुरू करण्याच्या आधीपासून. जुनी पानं उलटली की कळतं, मे महिन्यातही असंच आपोआप कमी झालं होतं.

घरी करून बघा

वाचून पटत नाही ते हाताने केल्यावर पटतं. पांढऱ्या फडक्याला हळदीचं दाट पाणी लावून वाळवा. मग साबणाचा ओला पंजा त्यावर उमटवा. लालभडक पंजा दिसेल. घरात "रक्ताचे पंजे" उमटवून दाखवणाऱ्यांचं भांडवल एवढंच असतं. लिंबू पिळलं की पंजा पुन्हा पिवळा. जिने आयुष्यभर कपड्यांवरचे हळदीचे डाग धुतले आहेत, त्या आजीला हे दाखवलंत तर ती तुमच्याकडे दयेनेच बघेल.

पुढचा प्रयोग थोडा गंभीर आहे. कोणी म्हणालं की भारलेलं पाणी, चुंबकाच्या बाटलीतलं पाणी किंवा मंत्रून आणलेलं पाणी चवीला वेगळं लागतं, तर वाद नको, पेले काढा. दोन सारखे स्टीलचे पेले. एकाने आतल्या खोलीत नाणं उडवून ठरवायचं की भारलेलं पाणी डाव्या पेल्यात की उजव्या, लिहून ठेवायचं, पेले भरायचे आणि तिथेच थांबायचं. दुसऱ्याने, ज्याला कुठला पेला कुठला हे माहीत नाही, ते नेऊन द्यायचे. चव घेणाऱ्याने ओळखायचं. असं दहा वेळा. किती बरोबर आले म्हणजे मान्य करायचं हे सुरू करण्याआधी दोघांनी मिळून ठरवा आणि त्याखाली सह्या करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी पाच सहज येतात, सात आले तरी हुरळून जायचं कारण नाही. आठ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्तची एक टक्क्याच्या आसपास. मी नऊवर अडून राहतो.

पेले नेणाऱ्याला माहिती नसणं एवढं महत्त्वाचं का? कारण माहिती असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, हातावर, पेला ठेवण्याच्या पद्धतीत ती उतरते, त्याच्याही नकळत.

अमेरिकेत एमिली रोझा या शाळकरी मुलीने असंच केलं. रुग्णाच्या शरीराभोवतीची ऊर्जा हाताला जाणवते म्हणणाऱ्या २१ जणांना तिने पुठ्ठ्याच्या पडद्यातून हात पलीकडे घालायला लावले आणि विचारलं, माझा हात तुमच्या कुठल्या हातावर आहे? २८० प्रयत्नांत ४४ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी जास्त आली असती. १९९८ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

पत्रिकेबद्दल विचारणारे भेटतातच, लग्नसराईत तर जास्त. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० पत्रिका गोळा केल्या. निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. ४० पैकी २८ बरोबर आले तर दखल घ्यायची, हे आधीच ठरलं होतं. सर्वांत चांगला निकाल २४ होता. सगळ्या २०० पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरं बरोबर आली. हा प्रयोग मला आवडतो तो निकालापेक्षा त्याच्या सभ्यपणासाठी. अटी आधी सांगितल्या, कोणाची टर उडवली नाही.

पुडी हातात आली की

डबी उलटी करा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, घटक. यांपैकी काही नसेल तर ते औषध घेऊ नका, देणारा कितीही सज्जन असो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. खूण अशी : दोन दिवसांत जादू झाल्यासारखं दुखणं थांबतं, भूक वाढते, पुढे चेहरा गोल होतो, साखर आणि बीपी चढतं. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर घाबरून एकदम बंदही करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि खरं सांगा.

लेबल असलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. कोविडच्या वेळी घरोघर उकळल्या गेलेल्या गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. सहा म्हणजे फार नाहीत, आणि त्यावरून गुळवेल विष आहे असं ठरत नाही. पण "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार" हे वाक्य मात्र त्यानंतर टिकत नाही.

"सरकारमान्य" या शिक्क्याचा अर्थही समजून घ्या. जुन्या ग्रंथातल्या पाठाप्रमाणे, ग्रंथात सांगितलेल्या उपयोगासाठी बनवलेल्या औषधाला परवाना घेताना रुग्णांवरची परिणामकारकतेची चाचणी सादर करावी लागत नाही. परवाना म्हणजे बनवायची आणि विकायची मुभा. "क्लिनिकली प्रूव्हन" लिहिलं असेल तर चाचणीचा क्रमांक मागा. भारतात अशा चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून आहे आणि ती कोणालाही फुकट बघता येते. किती रुग्ण, तुलनागट होता का, काय मोजायचं ठरलं होतं, हे तिथे मिळतं. काचेच्या बशीत पेशी मेल्या किंवा उंदरांना बरं वाटलं, याला माणसावरचा पुरावा म्हणत नाहीत.

आणि हीच फूटपट्टी ॲलोपॅथीलाही लावा, नाहीतर तुमचं कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. सर्दीला अँटिबायोटिक, थकव्याला सलाइनची बाटली, दर सहा महिन्यांनी ऐंशी चाचण्यांचं पॅकेज, हेही दावेच आहेत. निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांचे आकडे बसतील अशी बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा आखलेली असते. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या लाल आकड्यामागे धावपळ.

फॉरवर्डबद्दल फार लिहीत नाही. तारीख बघा, फोटो गूगलवर टाकून तो आधी कुठे आला होता ते शोधा, "नासाने मान्य केले" असं असेल तर नासाच्या संकेतस्थळावर बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

घरच्यांशी बोलताना

नवशिके इथेच घसरतात. ताजं ताजं वाचलेलं असतं, आणि पहिला बळी जातो एकादशी करणाऱ्या आजीचा. उपास, आरती, मानता (नवस) हा या लेखाचा विषय नाही. ज्याने कोणाचं काही बिघडत नाही त्याला हात लावू नका. ताईत दंडावर असू दे. पोटात जाणारी पुडी, बंद केलेली गोळी, आणि घरातून जाणारे हजारो रुपये, एवढ्याकडे लक्ष द्या.

"काकू, हे सगळं थोतांड आहे," याने संभाषण संपतं. असं करून बघा :

"काकू, या पुडीने बरं वाटतंय का?"

"हो रे, पायाची आग कमी झालीय."

"छान झालं. बीपीची गोळी चालू आहे ना?"

"ती नको म्हणाले ते. दोन्ही एकत्र उष्ण पडतं म्हणे."

आता खरा मुद्दा हाती आला. आग कमी झाली की नाही यावर वाद घालायचं कारणच उरलं नाही. "गोळी सोडायची की नाही हे आपण डॉक्टरांना विचारू या, मी येतो बरोबर. आणि तोवर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहू या." बहुतेक काकू याला तयार होतात, कारण त्यांना खोटं पाडलेलं नसतं. मशीनवर १७० दिसलं की पुढचं मशीनच बोलतं.

एक प्रश्न मी नेहमी विचारतो, शांतपणे : "काय दिसलं तर तुम्ही हे बंद कराल?" उत्तर आलं तर ते लिहून घ्या, दोन महिन्यांनी उपयोगी पडतं. "काहीही दिसलं तरी नाही," असं आलं तर विषय बदला. तोच प्रश्न स्वतःलाही विचारत चला, म्हणजे आपलं पाणी कळतं.

तक्रार करायची वेळ आली तर

ज्याला नुसती समजूत कमी आहे त्याच्यावर तक्रार नको. जो पैसे उकळतो, मारहाण करतो, उपचार थांबवायला लावतो, त्याच्यावर जरूर करा.

जाहिरातींसाठी १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग, अंधत्व, लकवा, लठ्ठपणा, अगदी उंची वाढवणंही आहे. यादीतला आजार बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा, औषध चालतं की नाही हा प्रश्नच येत नाही. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मंत्र, कवच, ताईत विकणाऱ्यांच्या जाहिरातींनाही तो लागू होतो. पत्रकाचा फोटो, ते मिळाल्याची तारीख आणि कुठे मिळालं एवढं घेऊन अन्न व औषध नियमन खात्याकडे लेखी तक्रार द्या.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, दाभोलकरांच्या खुनानंतर. गुजरातने तसा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये केला, हे आपल्या अनेक मराठी घरांत अजून पोचलेलं नाही. भूत काढण्याच्या नावाखाली मारणं, चटके देणं, साप-कुत्रा-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-दोऱ्यावर ठेवणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. नेहमीची पूजा, वारी, कीर्तन यांना तो हात लावत नाही, हे घरात आधी सांगा, नाहीतर भलताच वाद पेटतो. तक्रार पोलीस ठाण्यात. जाताना उरलेली पुडी मूळ कागदासकट ठेवा, पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद काढून घ्या, आणि आधीचे-नंतरचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. वही असेल तर तक्रार लिहायला वेळ लागत नाही.